लहान सीएनसी लेथवर टूल बसवताना: टिप, कोन आणि सेंटर हाइट

मागच्या पावसाळ्यात एक पिन करायला घेतली होती. एका टोकाला २० मिमी व्यास, मग १० ची पायरी आणि शेवटी ४ मिमीचं नाक. २० चा व्यास मायक्रोमीटरवर अगदी बरोबर आला. १० चा नऊ-दहा मायक्रॉन जाड आणि ४ चा चक्क ३६ मायक्रॉन. बॅकलॅश, म्हणजे स्क्रू-नटमधली ढिलाई, असणार म्हणून बॉलस्क्रूचे नट आवळले, स्टेपरच्या स्टेप्स पुन्हा मोजल्या. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. दोष होता टूलच्या उंचीत: टिप (टूलचं कापणारं टोक) सेंटरच्या, म्हणजे स्पिंडलच्या मध्यरेषेच्या, ०.३ मिमी खाली होती.

हाताच्या लेथवर हे कधी जाणवलं नसतं. तिथे आपण घेतो, मापतो, डायल थोडा पुढे करतो आणि चूक हातासरशी पुसली जाते. संगणकाच्या हुकमावर चालणारी सीएनसी मात्र तुम्ही टूल टेबलात (कंट्रोलरमधल्या टूलच्या मापांच्या यादीत) जे लिहिलंत त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. म्हणून टूलचा कोन, टिपची गोलाई, उंची आणि दिशा या चार गोष्टी आधी लोखंडात नीट बसवायच्या आणि मगच कंट्रोलरमध्ये भरायच्या. इथे डोळ्यांपुढे ५०० ते ७५० वॉटची मोटर असलेला, स्टेपर किंवा सर्व्हो लावून सीएनसी केलेला घरगुती मिनी लेथ धरला आहे.

इन्सर्ट आणि होल्डर निवडणं

इन्सर्ट म्हणजे होल्डरवर बसणारा, बदलता येणारा कार्बाइडचा कापणारा तुकडा. पहिला नियम: सीएनएमजीसारखे निगेटिव्ह इन्सर्ट घरच्या लेथवर वापरू नका. कारखान्यात ते चालतात, दोन्ही बाजूंच्या धारा वापरता येतात म्हणून स्वस्तही पडतात. पण त्यांच्या बाजूंना स्वतःचा क्लिअरन्स (धारेखालची मोकळीक) नसतो. तो मिळावा म्हणून होल्डरच त्यांना पुढे झुकवून धरतो आणि रेक, म्हणजे धारेच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार, उणे होतो. असं टूल धातू कापण्याऐवजी ढकलतं. त्याला जड बेड आणि भरपूर ताकद लागते. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

आपल्या कामाचे इन्सर्ट म्हणजे सीसीएमटी, सीसीजीटी, डीसीएमटी आणि डीसीजीटी. नावातलं प्रत्येक अक्षर काही सांगतं. पहिलं अक्षर आकाराचं: सी म्हणजे ८० अंशांचा चौकट-आकार, डी ५५ अंशांचा, व्ही ३५ अंशांचा, टी म्हणजे त्रिकोण. दुसरं क्लिअरन्सचं: सी म्हणजे ७ अंश, पी म्हणजे ११, एन म्हणजे शून्य. तिसरं अक्षर मापाच्या अचूकतेचं: एम साचात दाबून भाजलेला, जी ग्राइंड केलेला. ०६०२०४ या आकड्यांत ०६ म्हणजे धारेची लांबी, ०२ म्हणजे २.३८ मिमी जाडी आणि शेवटचे ०४ म्हणजे ०.४ मिमी नोज रेडियस, म्हणजे टिपची गोलाई. मोठ्या इन्सर्टवर ०९टी३०४ असं दिसेल. त्यातला टी३ म्हणजे ३.९७ मिमी जाडी.

ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकले जाणारे, चकाकी दिलेले सीसीजीटी इन्सर्ट लहान लेथवर एमएसवरही (माइल्ड स्टील) फार गोड चालतात. त्यांची धार खरोखर धारदार असते. एम वर्गातल्या बऱ्याच इन्सर्टची धार मुद्दाम किंचित बोथट केलेली असते, जड कामात तिचा टवका उडू नये म्हणून. आपण ०.१ मिमीचा फिनिश कट घेतो तेव्हा ती बोथट धार धातूवर नुसती घासत राहते. ग्राइंड केलेली धार स्टीलवर लवकर झिजते, हे खरं. तो खर्च मी आनंदाने करतो.

होल्डरच्या नावातही माहिती दडलेली असते. एससीएलसीआर १०१० घ्या: एस म्हणजे स्क्रूने धरणारा, सी इन्सर्टचा आकार, एल म्हणजे ९५ अंशांचा ॲप्रोच (मुख्य धारेचा बारच्या अक्षाशी कोन), पुढचा सी म्हणजे ७ अंशांचा क्लिअरन्स, आर म्हणजे उजवा, शँक (होल्डरचा दांडा) १० बाय १० मिमी. आता साधी वजाबाकी करा. १८० मधून ९५ आणि ८० गेले की उरतात ५ अंश. फेसिंग (बारचं तोंड सपाट कापणं) करताना मागच्या धारेला एवढीच मोकळीक. एसडीजेसीआरमध्ये जे म्हणजे ९३ अंश. १८० वजा ९३ वजा ५५ म्हणजे ३२ अंश. म्हणून प्रोफाइलमध्ये मागे उतरणारा भाग असेल, हँडलची कंबर किंवा बुद्धिबळाच्या प्याद्याची मान, तर डी टिप घ्यावी आणि उतार २७-२८ अंशांच्या आत ठेवावा. त्याहून खोल उतरायचं तर व्ही टिप. ती नाजूक असते, तेव्हा कट हलका ठेवा.

सुरुवातीला सी आणि डी असे दोनच होल्डर पुरेत.

सेंटर हाइट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

टिप सेंटरपासून वर किंवा खाली असली की दोन गोष्टी बिघडतात. पहिली मापाची. टिप ०.३ मिमी खाली असताना २० व्यासावर माप घेऊन एक्स ऑफसेट (व्यासाच्या दिशेने टूल कुठे आहे तो आकडा) भरला की कंट्रोलरच्या मते सगळं ठीक असतं. पण ४ व्यासाला टिप आडव्या रेषेत जिथे पोचते तिथून सेंटरपर्यंतचं खरं अंतर तिरकं असतं. पायथागोरस लावून पाहा, व्यास ४.०३६ येतो. व्यास जितका लहान तितकी चूक मोठी. टिप तेवढीच वर असली तरी मापाची चूक हीच.

दुसरी गोष्ट कोनांची. टिप वर गेली की बाहेरच्या टर्निंगमध्ये रेक वाढतो आणि क्लिअरन्स कमी होतो. किती, हे उंचीतल्या फरकाला त्रिज्येने भागलं की कळतं. ०.३ मिमी फरक आणि ४ मिमी व्यास म्हणजे ०.३ भागिले २, म्हणजे ०.१५. हा साधारण ८.६ अंशांचा साइन. आपल्या इन्सर्टकडे क्लिअरन्स फक्त ७ अंशांचा! टिपच्या खालची बाजू सरळ कामावर टेकते, जॉब तापतो, पृष्ठभाग चमकतो पण माप कमी होत नाही. लहान व्यासावर 'टूल कापतच नाही' अशी जी तक्रार असते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता बसवायचं कसं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी शिकवलेली युक्ती आजही पहिली वापरतो. "स्केल लाव आधी, मग बोल," असं म्हणून त्यांनी खिशातली पातळ स्टीलची सहा इंची पट्टी टिप आणि गोल बार यांच्यात उभी धरली आणि टूल हलकेच पुढे आणलं. पट्टी चिमटीत आली आणि तिचं वरचं टोक आमच्या बाजूला कललं. "खाली आहे." खाली एक पत्रा सरकवला, पुन्हा लावली. आता टोक पलीकडे झुकलं. "वर गेलं." तो पत्रा काढून त्याहून पातळ घातला आणि पट्टी ओळंब्यासारखी उभी राहिली. हे समोरच्या टूलपोस्टसाठी आहे. एक काळजी घ्या: कार्बाइडची टिप पट्टीवर जोरात दाबू नका, टवका उडतो.

पट्टीने साधारण ०.१ मिमीपर्यंत पोचता येतं. त्यापुढे फेसिंग करून पाहायचं. १५-२० मिमीच्या बारचं तोंड एक्स शून्यापर्यंत घ्या आणि मधोमध काय उरलं ते भिंगातून बघा. टिप खाली असेल तर स्वच्छ बारीक बोंडूक उरतं आणि त्याचा व्यास उंचीच्या फरकाच्या दुप्पट असतो. ०.३ खाली म्हणजे ०.६ मिमीचं बोंडूक. टिप वर असेल तर ते चिरडलेलं, घासलेलं दिसतं. बरोबर उंचीवर मधे काहीच उरत नाही.

एकदा हे साधलं की कायमचा मापदंड करून ठेवा. चकमध्ये एक तुकडा बरोबर २० मिमीला टर्न करा. क्रॉस स्लाइडच्या सपाट पृष्ठभागापासून त्याच्या माथ्यापर्यंतची उंची हाइट गेजने घ्या आणि त्यातून १० वजा करा. ही तुमच्या लेथची सेंटर हाइट. तेवढ्याच उंचीचा गोल ठोकळा टर्न करून ठेवा. नवं टूल आलं की ठोकळा शेजारी ठेवायचा, नख किंवा डायल फिरवून टिप जुळवायची, दोन मिनिटांत काम झालं.

पॅकिंगसाठी फीलर गेजची पानं किंवा पितळी शिम वापरा. हॅकसॉ ब्लेडचे तुकडेही चालतात, साधारण ०.६५ मिमी जाड असतात. फक्त दातांची लाटेरी कड ग्राइंडरवर घासून टाका, नाहीतर टूल स्प्रिंगसारखं झुलतं. पॅकिंग शँकच्या पूर्ण लांबीला असावं, नुसतं पुढच्या टोकाला नको.

होल्डर सरळ बसवणं

९५ अंश हा आकडा खरा तेव्हाच, जेव्हा शँक स्पिंडलला काटकोनात असतो. डायल इंडिकेटर चकवर चुंबकाने बसवा, चक हलणार नाही असं धरा, डायलचं टोक शँकच्या बाजूला टेकवा आणि एक्स पुढेमागे चालवा. ४० मिमीत ०.०५ च्या आत आलं तर पुरे. क्विक चेंज टूलपोस्ट असेल तर एकदा पोस्ट जुळवला की सगळे होल्डर जुळतात.

एससीएलसीआर पाच अंशांनी एका बाजूला फिरला तर फेसिंगची मोकळीक संपून मागची धार अख्ख्या तोंडावर घासते. दुसऱ्या बाजूला पाच अंश फिरला तर ॲप्रोच ९० वर येतो आणि त्याहून जास्त फिरला तर खांदा चौकोनी न येता तिरका येतो.

होल्डर बाहेर कमीत कमी काढा. शँकच्या उंचीच्या दीडपट म्हणजे खूप झालं.

नोज रेडियस: टिप टोकदार नसते

एक्सला टेकवून आणि झेडला (बारच्या लांबीच्या दिशेला) टेकवून आपण जो ऑफसेट भरतो तो एका काल्पनिक टोकाचा असतो. ते टोक हवेत असतं. तिथे धातू नाही, कारण टिप गोल आहे. सरळ टर्निंग आणि सरळ फेसिंगमध्ये फरक पडत नाही. चॅम्फर (तिरकी कापलेली कड), टेपर (निमुळता भाग) किंवा गोलाई आली की पडतो. ४५ अंशांच्या चॅम्फरला रेषेशी काटकोनात ०.४१४ गुणिले रेडियस एवढा धातू शिल्लक राहतो. ०.४ च्या टिपने १ मिमीचा चॅम्फर सांगितला तर प्रत्यक्षात ०.७७ मिमीचा येतो.

यासाठी कॉम्पेन्सेशन, म्हणजे रेडियस धरून टूलचा मार्ग सरकवणं. फानूक पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये ऑफसेट पानावर आर खाली ०.४ आणि टी खाली टिपची दिशा भरायची. बाहेरच्या नेहमीच्या उजव्या टूलला ३, बोअरिंग बारला (भोक आतून कापणारं टूल) २. प्रोग्राममध्ये कोड असे: बाहेरचं काम चककडे जाताना जी४२, आतलं बोअरिंग चककडे जाताना जी४१, संपलं की जी४०. लिनक्ससीएनसी या कंट्रोलर सॉफ्टवेअरच्या टूल टेबलात रेडियसऐवजी व्यास लिहितात, म्हणजे ०.४ च्या टिपला ०.८. इथे बऱ्याच जणांची गफलत होते. दिशेच्या आकड्यांची चित्रं कंट्रोलरनुसार वेगळी असू शकतात, तेव्हा आपल्याच मॅन्युअलमधलं चित्र उघडून बघा.

कॉम्पेन्सेशन चालू करणारी पहिली चाल हवेत, सरळ आणि रेडियसपेक्षा लांब असू द्या. बंदही हवेतच करा. कामाला टेकलेलं असताना जी४० दिलं तर टिप तिथेच जॉबमध्ये खड्डा पाडते.

कॅममधून (टूलचा मार्ग काढून देणारं सॉफ्टवेअर) प्रोग्राम काढत असाल तर कॅमने रेडियस आधीच धरला आहे का ते तपासा. कॅमनेही धरला आणि मशीननेही, तर चॅम्फर जास्त खोल जातो. दोघांपैकी एकानेच हे काम करावं. आणि कॅमचा प्रोग्राम काल्पनिक टोकाचा आहे की रेडियसच्या केंद्राचा, हे तुम्ही मशीनवर टूल जसं टेकवता त्याच्याशी जुळलंच पाहिजे.

किती रेडियस घ्यायचा? पृष्ठभागावरच्या रेघांची सैद्धांतिक उंची म्हणजे फीडचा (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) वर्ग भागिले रेडियसची आठपट. ०.४ च्या टिपला ०.१ फीड दिला तर ३ मायक्रॉनच्या आसपास, ०.२ दिला तर साडेबारा. फीड दुप्पट केला की रेघा चौपट. यावरून वाटेल की ०.८ ची टिप घ्यावी. लहान लेथवर तसं करू नका. खोली रेडियसपेक्षा कमी असली की होल्डरचा ९५ अंशांचा कोन कामातच येत नाही. नुसती गोलाई कापते आणि तिचा जोर बारला बाजूला ढकलण्यात जातो. मग बारीक बार पळतो, थरथरतो आणि मधे जाड, टेलस्टॉकजवळ बारीक येतो. रफिंगला ०.४ आणि फिनिशिंगला ०.२ किंवा ०.४ ठेवा. एम वर्गाच्या टिपने फिनिश कट रेडियसच्या दोनतृतीयांशाहून फार कमी घेऊ नका. ग्राइंड केलेली टिप ०.१ सुद्धा सहज घेते.

आणखी एक गोष्ट, जी ड्रॉइंगवर दिसत नाही. खांद्याच्या कोपऱ्यात टिपची गोलाई उतरते. ६०८ बेअरिंगच्या आतल्या कडेची गोलाई कमीत कमी ०.३ मिमी असते. ०.४ च्या टिपने ८ मिमीची सीट केली तर बेअरिंग खांद्याला टेकण्याआधी कोपऱ्यात अडकू शकतं. ०.२ ची टिप घ्या किंवा कोपऱ्यात बारीक अंडरकट द्या.

घासून केलेलं एचएसएस टूल

आयटीआयच्या टर्नर ट्रेडला ही कला अजून शिकवतात, आणि ती घरच्या सीएनसीवरही कामाची आहे. विशिष्ट खोबणी, विचित्र गोलाई किंवा अगदी हलका कट असेल तर एचएसएसला (हाय स्पीड स्टील) तोड नाही. एमएससाठी पुढचा आणि बाजूचा क्लिअरन्स ८ ते १० अंश, साइड रेक १२ ते १४. ॲल्युमिनियमला रेक याहून जास्त. पितळेला मात्र रेक शून्य ठेवा. रेक दिलेलं टूल पितळेत स्वतःच आत ओढलं जातं आणि हलक्या मशीनवर बॅकलॅश असेल तर क्षणात घुसतं.

क्लिअरन्स आधी घासा, रेक शेवटी. टूल तापलं की पाण्यात बुडवा, एचएसएसला ते चालतं. कार्बाइड कधीच बुडवू नका, तडा जातो. शेवटी ऑइलस्टोनने धार लावून टोकाला ०.२ ते ०.४ ची गोलाई द्या. रेडियस गेजने मोजा आणि मोजलेलाच आकडा टूल टेबलात लिहा.

बोअरिंग आणि पार्टिंग

बोअरमध्ये हिशेब उलटा. तिथे टिप वर गेली की क्लिअरन्स वाढतो. शिवाय कापताना बार खाली वाकतो. म्हणून टिप सेंटरच्या ०.१ मिमी वर ठेवली तर बरं. स्टीलचा बार त्याच्या जाडीच्या चौपटीहून जास्त बाहेर काढू नका. टिप बसली तरी बारचं पोट भोकाच्या भिंतीला खालून घासत नाही ना, हे टॉर्च लावून बघा.

पार्टिंगचं (तुकडा कापून वेगळा करण्याचं) पातं नेमकं सेंटरवर आणि नेमकं काटकोनात हवं. इथे अर्धा अंश चुकला तरी पातं एका बाजूला पळतं आणि कापलेलं तोंड वाटीसारखं येतं. २ मिमीचं पातं, कमीत कमी बाहेर. फीड भीत भीत देऊ नका, ०.०४-०.०५ सलग द्या.

वेग, फीड, ताकद

आरपीएम म्हणजे १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. एमएसवर कार्बाइड १२० मीटर प्रति मिनिट धरला तर २५ मिमी बारला साधारण १५३० आरपीएम. एचएसएस ३० मीटरने, म्हणजे ३८० च्या जवळ.

आता ताकद बघा. १ मिमी खोली, ०.१ फीड आणि १२० मीटर वेगाला एमएसमध्ये ढोबळमानाने ०.६ किलोवॉट लागतात. ७५० वॉटची मोटर इथेच घायकुतीला येते. खोली ०.५ करा, निम्म्यावर येईल. फीड मात्र फार कमी करू नका. इन्सर्टवरचा चिपब्रेकर ठरावीक फीडच्या वरच चिप तोडतो. बॉक्सवर ती मर्यादा छापलेली असते. त्याखाली लांब स्प्रिंगसारखी चिप निघते, चकला गुंडाळते आणि झाकण बंद असताना कळतही नाही. ती हाताने कधी ओढू नका. मशीन थांबवून हुकाने काढा. हातमोजे घालून लेथजवळ जाऊ नका.

जी९६ ने स्थिर कटिंग स्पीड वापरत असाल तर फेसिंगमध्ये केंद्राजवळ आरपीएम चढत जातो. आधी मर्यादा घाला: फानूकमध्ये जी५० एस, लिनक्ससीएनसीमध्ये जी९६ सोबत डी. तुमच्या चकवर छापलेला कमाल वेग हाच तो आकडा.

चाचणीचा तुकडा

सगळं बसलं की खऱ्या कामाआधी एक तुकडा करा: ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) किंवा एमएसचा २५ चा बार, त्यावर २०, १० आणि ४ च्या पायऱ्या, एक ४५ अंशांचा १ मिमी चॅम्फर, एक ३ मिमीची गोलाई आणि पूर्ण फेसिंग. फिनिश कट एकाच टूलने, मधे ऑफसेट न बदलता. मग मापा.

तिन्ही व्यास सारखेच जाड असतील तर एक्स ऑफसेट चुकला. लहान व्यास जास्त जाड असेल तर आधी सेंटर हाइट बघा आणि ४ मिमीचं नाक वाकत नाही ना तेही. एकाच पायरीवर दोन टोकांना वेगळं माप आलं तर स्पिंडल आणि झेड समांतर नाहीत, किंवा बार फार बाहेर आहे. माप बरोबर पण चॅम्फर लहान आला तर कॉम्पेन्सेशन लागलंच नाही. चॅम्फर मोठा आला तर ते दोनदा लागलं किंवा टिपची दिशा चुकली. ३ च्या गोलाईवर रेडियस गेज धरून उजेडाकडे बघा. कडांना उजेड आणि मधे टेकलेलं, किंवा याच्या उलट दिसलं, तर टेबलातला नोज रेडियस खऱ्या टिपशी जुळत नाही.

तुकड्यावर मार्करने टूल नंबर, इन्सर्टचं नाव आणि तारीख लिहा आणि ड्रॉवरमध्ये ठेवा. इन्सर्टची धार फिरवली किंवा नवा बसवला की त्या टूलला तेवढे २० आणि ४ चे दोन व्यास पुन्हा घेऊन मागच्या तुकड्याशी ताडून बघा. एम वर्गाच्या इन्सर्टमध्ये एका धारेपासून दुसऱ्या धारेत काही शतांश मिलिमीटरांचा फरक पडतो, तेव्हा एक्स ऑफसेट नव्याने भरावाच लागतो.